साडेतीन वर्षांच्या मुलीला जर्मनचा क्लास लावू का?

[कॅमेऱ्यासमोर बसून. मागे पुस्तकांचं कपाट, खिडकी अर्धी उघडी.]

गेल्या महिन्यात एक फोन आला. "मॅडम, तुम्ही जर्मन शिकवता ना? मुलगी साडेतीन वर्षांची आहे. उशीर तर नाही ना झाला?"

मी नेरुळला जर्मन शिकवते. माझ्याकडे येतात ती मोठी माणसं. नर्सिंग झालेल्या मुली, ऐरोलीच्या आयटी कंपन्यांमधले इंजिनियर, नवऱ्यामागून म्युनिकला निघालेल्या बायका. ए-वन या पहिल्या पायरीपासून सुरुवात करून बी-टू या चौथ्या पायरीपर्यंत पोचायचं, परीक्षा द्यायची, व्हिसाच्या मागे लागायचं. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत. पण साडेतीन वर्षांचं गिऱ्हाईक पहिलंच.

मी विचारलं, घरी काय बोलता? "इंग्लिश." आणि तुमची भाषा? बाई हुबळीच्या, माहेर कन्नड. नवरा साताऱ्याचा. सासूबाई जवळच राहतात, पण त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे नातीशी त्यांचं बोलणं 'कम, ईट, गुड गर्ल' एवढंच. का? तर नर्सरीच्या टीचरनी सांगितलं, घरी एकच भाषा ठेवा, नाहीतर मुलीचा गोंधळ होईल.

म्हणजे बघा, घरात दोन भाषा आयत्या आहेत, त्यांना कुलूप. आणि तिसरी फी भरून विकत आणायची.

मी त्यांना फोनवर अर्धा तास पिडलं. तेच आज तुम्हाला सांगते.

[स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: टाक, ताक]

हे दोन शब्द ऐका. टाक. ताक. तुम्ही म्हणाल, यात काय ऐकायचंय? एक फेकायचं, एक प्यायचं. पण इंग्रजीच्या कानाला हे दोन्ही सारखेच. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आता फरक कळला की नाही, हे बाळ कसं सांगणार? त्यांनी युक्ती केली. आवाज बदलला की बाजूला एक खेळणं दिवा लागून हलायला लागायचं. दोन-चारदा हे झालं की बाळ हुशार होतं, आवाज बदलल्याबरोबर खेळण्याकडे मान वळवतं. सहा ते आठ महिन्यांची बाळं मान वळवत होती. दहा-बारा महिन्यांची बहुतेक ढिम्म! आणि हिंदी घरातली त्याच वयाची बाळं? त्यांना फरक कळत होता.

वर्षाच्या आत कान असा घरचा होतो. जे आवाज आजूबाजूला लागतात त्यांच्यासाठी तयार होतो, बाकीचे एका पोत्यात भरतो. माझ्या स्टेशनच्या नावातच ळ आहे. हिंदीत वाढलेली माणसं त्याला 'नेरूल' म्हणतात, त्यात उद्धटपणा नसतो हो. त्यांच्या कानाला तो ळ लहानपणी भेटलेलाच नसतो. आमच्या समोरच्या तमिळ मामी मात्र पहिल्या दिवसापासून 'नेरुळ' अगदी ठणठणीत म्हणायच्या, कारण तमिळमध्ये ळ आहे. (ही मामी म्हणजे माझ्या मामाची बायको, असं मला सहाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. तमिळ घरांत शेजारच्या बायकांनाही मामीच म्हणतात, हे नंतर कळलं.)

आता तुम्ही म्हणाल, मग तर लवकरच क्लास लावायला हवा, कान बंद व्हायच्या आत! नाहीतर यूट्यूबवर जर्मन बडबडगीतं लावून देऊ.

तर पुढचा प्रयोग त्याचाच. पॅट्रिशिया कूल, अमेरिका, 2003. नऊ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं. काहींसोबत चिनी बोलणारी माणसं येऊन बसली, खेळली, पुस्तकं दाखवली. अशा फक्त बारा बैठका झाल्या, पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या. त्या बाळांना चिनी आवाजांमधला फरक तैवानमधल्या बाळांइतका कळायला लागला. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांचं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांच्या पदरात काय पडलं? काही नाही.

मी स्वतः व्हिडिओत बसून हे सांगतेय, याची मला कल्पना आहे.

बाळाला भाषा माणसाकडून लागते. मांडीवर घेणाऱ्या, डोळ्यांत बघणाऱ्या, "अगंऽऽ काय झालं?" म्हणणाऱ्या माणसाकडून. आणि ती माणसं आपल्याकडे किती आहेत बघा. मी वाशीत वाढले, सिडकोच्या चार मजली बिल्डिंगमध्ये. बाबा कांदा-बटाटा मार्केटला एका गुजराती शेठच्या गाळ्यावर हिशेब लिहायचे. ते मार्केट 1981 मध्ये मुंबईतून वाशीला आलं आणि त्याच्यामागून आम्ही. शेठशी गुजराती, साताऱ्या-सांगलीकडच्या माथाडींशी मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी. बाबा दहावी नापास होते आणि दिवसातून वीस वेळा भाषा बदलायचे. त्याला कुणी कौशल्य म्हणत नव्हतं.

माझी मैत्रीण वाशीतल्याच जुहूगावातली, आगरी. ती 'मला'च्या जागी 'मना' म्हणायची, 'झाड' नाही तर 'झार'. मी तिच्या घरी गेले की माझंही झार व्हायचं, आणि आमच्या दारात चप्पल काढली की परत झाड. मला कुणी सांगितलं नव्हतं की इथे हे बोल, तिथे ते बोल. दोन वर्षांचं पोरसुद्धा समोर कोण आहे ते बघून भाषा निवडतं. कॅनडात फ्रेंच-इंग्रजी घरांतल्या मुलांवर याचा भरपूर अभ्यास झालाय. मुलं शब्दांची सरमिसळ करतात, हो. "आई, मला वॉटर पाहिजे." त्याला गोंधळ म्हणत नाहीत, हाताला येईल ते भांडं वापरणं म्हणतात. एकेका भाषेतले शब्द मोजले तर दोन भाषांचं मूल थोडं मागे वाटू शकतं. दोन्हींचे मिळून मोजलेत तर साधारण बरोबरीचंच असतं. टीचर मोजतात फक्त इंग्रजीतले.

बरं, क्लासचं काय? शाळेत फ्रेंच-जर्मन लवकर सुरू केलं तर फायदा किती?

इथे मला आवडणारा अभ्यास बार्सिलोनाचा आहे. कारण तिथली मुलं आपल्यासारखी आहेत, घरात आणि रस्त्यावर कातालान आणि स्पॅनिश आधीच येतात, इंग्रजी तिसरी. कार्मेन मुन्योझ यांच्या गटाने तुलना केली: इंग्रजी आठव्या वर्षी सुरू केलेली मुलं आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली. दोघांनाही तेवढेच तास शिकवून झाल्यावर परीक्षा घेतली, तर पुढे कोण? अकराव्या वर्षी बसलेली! कारण वर्गातली भाषा नियमांनी येते, तक्त्यांनी येते, आणि ते डोकं मोठ्या मुलांकडे असतं. लहान मूल भाषा शोषून घेतं, पण त्यासाठी त्याला दिवसभर त्या भाषेत भिजावं लागतं. आठवड्याला दोन तासांत पायसुद्धा ओले होत नाहीत.

उलट बाजूही सांगते. 2018 मध्ये हार्ट्सहॉर्न, टेनेनबाउम आणि पिंकर या संशोधकांनी इंटरनेटवरून जवळजवळ 6 लाख 70 हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. त्यांचा निष्कर्ष असा, की व्याकरण झटपट उचलायची ताकद साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते. मात्र अगदी जन्मजात बोलणाऱ्यासारखं यायला हवं असेल, तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात झालेली बरी. म्हणजे वय मोजावं लागतं, पण साडेतीन वर्षांवर गाडी सुटते असं काही नाही.

आणि मोठेपणी? फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमध्ये जन्मलेले, तिशीच्या उंबरठ्यावर 1579 मध्ये गोव्यात आले आणि पुढे मराठीत दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते 1616 मध्ये छापलं गेलं. आता त्यांचा ळ कसा होता, ते मात्र रेकॉर्ड केलेलं नाही.

माझ्या बॅचमध्येही तेच दिसतं. 'फ्युन्फ' म्हणजे पाच, त्यातला तो आवाज काढायला आठवडे जातात. मी सांगते, तोंडात 'ई' म्हणा आणि ओठ 'ऊ'चे करा. सगळा वर्ग शिट्टी वाजवल्यासारखा बसतो. पण लिंगं आली, डेर-डी-दास, की मराठी मुलांचा चेहरा खुलतो. तो, ती, ते! हिंदीत दोनच, मराठीत तीन, जर्मनमध्ये तीन. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मेटशन म्हणजे मुलगी, मग ती नपुंसकलिंगी कशी?" मी म्हणते, का, आपण 'ते पोरगं' म्हणत नाही? हशा होतो आणि तो नियम परत सांगावा लागत नाही. ज्यांच्या घरात मराठी इंग्रजीखाली दबून गेलीय, त्यांना 'टेबल' तो की ते, हेच आठवत नाही. त्यांच्यासोबत मला एक जिना जास्त चढावा लागतो.

बहुभाषिक समाजाचं उदाहरण म्हणून सगळे लक्झेंबर्ग दाखवतात. सात लाखांहून कमी वस्ती. 1984 च्या कायद्याने लक्झेंबर्गी ही राष्ट्रीय भाषा, आणि कारभाराला फ्रेंच आणि जर्मनही. बालवाडीत लक्झेंबर्गी, लिहावाचायला जर्मनमधून, मग थोड्याच दिवसांत फ्रेंच. ऐकायला छान. पण तिथे पोर्तुगालहून आलेल्यांची वस्ती मोठी आहे, आणि घरी पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलांना जर्मनमधून अक्षरओळख करताना दमछाक होते. म्हणून आता काही शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख सुरू झालीय. बोलायला मुलाला चार भाषा चालतात. पहिलं वाचन कोणत्या भाषेत, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मूल घरून काय घेऊन येतं त्यावर ठरतं.

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून आपल्याकडे जो धुरळा उडाला, शासन निर्णय निघाले, 29 जूनला रद्द झाले, त्यात हा प्रश्न कुठेतरी चेंगरला गेला. सगळे किती भाषा ते मोजत होते. शिकवणार कोण, तास किती, हे कमीच लोकांनी विचारलं.

आणि "दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो" वगैरे जे फॉरवर्ड येतात ना, त्यावर फार उड्या मारू नका. मुलांची एकाग्रता वाढते का, यावर संशोधकांची आपसात चांगलीच जुंपलीय. म्हातारपणाचं मात्र एक काम आपल्याजवळचं आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले, 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही हा फरक दिसला. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही. पण मला बाबा आठवले, गाळ्यावरचे.

तर त्या बाईंना मी काय सांगितलं? जर्मन दहाव्या-अकराव्या वर्षी आणा, तिला हवं असेल तर. आत्ता तुम्ही तिच्याशी कन्नड बोला. सासूबाईंना म्हणावं, मराठीत गोष्ट सांगा, ओरडायचं तर मराठीत ओरडा. इंग्रजी शाळेत मिळणारच आहे. त्या "बरं बघते" म्हणाल्या. एक ॲडमिशन गेली माझी.

परवा त्यांचा व्हॉट्सॲप आला, आवाजी. मागे व्हिडिओ कॉलवर हुबळीच्या अज्जी विचारतायत, "ऊट आयता?" जेवलीस का? दुसऱ्या बाजूने मराठी आजी, "अगं, एक घास खा ना!" आणि मधून पोरीचा आवाज, एकाच दमात:

"बेडा, अज्जी! नको, आजी! नो!"