सांध्यावरचा शॉर्ट

करी रोडच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर पलंगाखालून प्लायवूडची फळी बाहेर ओढली की हॉलचं यार्ड होतं. मॉडेल रेल्वेचं एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या 1/87. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. इंजिन सुटतं, सांध्यावर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात तिथे पोचतं आणि फळीवरचं सगळंच बंद पडतं.

इथे दोन रूळ म्हणजे दोन वायरी. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला वीज आणि डिजिटल हुकूम देण्याच्या पद्धतीत, त्यांच्यात कायम 14-15 व्होल्ट असतात. म्हणून डब्यांची धातूची चाकं दोन्ही रूळ जोडणार नाहीत, अशी आसावर इन्सुलेट केलेली असतात. खिडकीखालून जाणाऱ्या लोकलचं नेमकं उलट! रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटच्या मार्गावर तिचा आस दोन्ही रूळ शॉर्ट करतो, म्हणूनच मागचा सिग्नल लाल होतो. पावसाळ्यात कधी हेच काम तुंबलेलं पाणी करतं, आणि आपण शीव-कुर्ल्याच्या मधे लटकतो.

फळीवरचा शॉर्ट शोधायला काका आधी सगळे डबे, इंजिनं उचलतात. तरीही शॉर्ट राहिला तर दोष रुळात किंवा फळीखालच्या वायरिंगमध्ये. मग अर्ध्या लेआउटच्या वायरी सोडायच्या, मग उरलेल्याच्या अर्ध्या. रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळत असेल, तर संशय पहिला त्या लूपवर. तिथे दोन्ही रुळांत दोन्ही टोकांना वीज तोडणारी फट ठेवावीच लागते.

आज मात्र गाड्या उचलल्याबरोबर वीज आली. म्हणजे चोर चाकाखाली आहे. पण रुळांना वीज पुरवणारा बूस्टर इतक्या झटकन वीज तोडतो की जागा सापडतच नाही. म्हणून काकांनी रुळाच्या एका वायरीत मोटारीच्या ब्रेकलाइटचा बल्ब सिरीजमध्ये जोडलाय. शॉर्ट झाला की वीज तुटत नाही, बल्ब पेटतो.

"काका, ढकलू?"
"हळू गं. एकेक चाक."

पुतणी बोटाने इंजिन सरकवते. पहिलं चाक गेलं. दुसरं फ्रॉगवर, म्हणजे सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकावर आलं आणि बल्ब भक्कन पेटला. तिथे विरुद्ध विजेचे दोन रूळ इतके जवळ येतात, की रुंद चाक दोघांना एकदम टेकतं.

इलाज तिच्याच पर्समध्ये निघतो: बिनरंगी नेलपॉलिश. फ्रॉगच्या टोकाशी एका रुळावर पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचं. दुसऱ्या फेरीला बल्ब थंड. चाकांनी घासून थर गेला की पुन्हा लावायचा.