चेतारा : खारवलेल्या माशांचं गाव

इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर, सालेर्नो शहराच्या जवळच, डोंगराच्या घळीत चेतारा वसलंय. वस्ती जेमतेम दोन हजारांची. शेजारची बरीच गावं आता पर्यटकांवर जगतात. चेताराच्या बंदरात मात्र अजून मासेमारीच्या मोठ्या बोटी लागतात.

किनाऱ्यावर एक दगडी बुरूज आहे, तो टेहळणीसाठी होता. नवव्या शतकात अरब हल्लेखोरांनी इथे तळ ठोकला होता. 1534 मध्ये तुर्की आरमारानं गावावर धाड घातली आणि माणसं गुलाम म्हणून धरून नेली. त्यानंतरही गाव समुद्राला पाठ फिरवून डोंगरात गेलं नाही, कारण पोट समुद्रावरच होतं.

आज इथल्या मोठ्या बोटी ट्यूनासाठी दूरवर जातात. पण गावाची खरी ओळख आहे ‘आलीची’. आपल्या मांदेलीच्याच कुळातला हा बोटभर मासा. मार्चअखेरपासून जुलैपर्यंत तो सालेर्नोच्या आखातात धरतात. रात्री पाण्यावर दिवा लावला की थवा उजेडाकडे येतो. मग त्याच्याभोवती जाळं टाकायचं आणि खालची दोरी ओढून तळ बंद करायचा. आपल्याकडच्या पर्ससीनचीच ही रीत. लख्ख चांदणं असलं की दिव्याचा प्रभाव पडत नाही.

वसंतातल्या माशात चरबी कमी असते, म्हणून खारवायला तोच लागतो. चरबी जास्त झाली की महिनोन्‌महिने पिंपात राहून माशाला खवट वास येतो.

आता मासे साफ करणारे हात पाहा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मुंडकं धरायचं, हलकेच पिरगाळून ओढायचं. मुंडक्याबरोबर आतडीही बाहेर येतात. सुरी लागत नाही. मासा ताजा असतानाच हे उरकावं लागतं. उशीर झाला तर मांस मऊ पडून चिमटीतच फाटतं.

मग ‘तेर्त्सीन्यो’ नावाच्या छोट्या लाकडी पिंपात एक थर माशांचा, एक थर समुद्री मिठाचा. मासे उलटसुलट लावायचे, एकाच्या डोक्याकडच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी, म्हणजे फट राहत नाही. वर लाकडी झाकण, त्यावर दगडांचं वजन. मीठ कमी पडलं तर मासा कुजतो, जास्त झालं तर नुसताच कडक होतो, मुरत नाही. वजनाचंही तसंच. सुरुवातीला भरपूर, मासे बसत गेले की हळूहळू कमी. सगळी कसरत इथेच आहे, आणि ती अनुभवाच्या हातानंच जमते.

दाबामुळे सुटलेलं पाणी वर येतं. जुन्या पद्धतीत ते काढून काचेच्या भांड्यात उन्हाळाभर उन्हात ठेवतात, म्हणजे आटून घट्ट होतं. ऑक्टोबरअखेरीस तेच पाणी पिंपात परत ओततात. थराथरांतून झिरपताना ते माशांची चव घेतं, आणि तळाशी पाडलेल्या भोकातून थेंब थेंब गळतं. हीच अंबरी रंगाची ‘कोलातूरा’. 2020 मध्ये तिला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं.

प्राचीन रोमन लोकांचं ‘गारुम’ हे माशांचं खारं पाणीही याच जातीचं. डोंगरापलीकडच्या पाँपेईत त्याचे मोठे व्यापारी होते. गारुममध्ये आतडीही घालत. चेतारात मासा आधी साफ होतो, म्हणून इथलं पाणी पारदर्शक उतरतं.

नाताळच्या आदल्या रात्री इथल्या घरांत कोलातूराची स्पॅगेटी होते. माणशी साधारण एक चमचा कोलातूरा, ऑलिव्ह तेल, ठेचलेला लसूण, थोडी लाल मिरची, बारीक चिरलेली पार्सली हे सगळं भांड्यात कच्चंच कालवायचं. त्यात गरम स्पॅगेटी टाकायची, तिच्या उकळीचं चमचाभर पाणी घालून घोळवायची. ती उकडताना मात्र पाण्यात मीठ घालायचं नाही. मीठ कोलातूरात भरपूर आहे. कोलातूरा आचेवर धरायचीही नाही. सुगंध आधी उडतो, मागे नुसता खारटपणा राहतो.