सव्हाना: चौकांचे शहर आणि त्याचे मागचे दार

अटलांटिक महासागरापासून सुमारे तीस किलोमीटर आत, सव्हाना नदीच्या दक्षिण काठावर एक उंच कडा आहे. १२ फेब्रुवारी १७३३ रोजी जेम्स ओगलथॉर्प हे इंग्रज गृहस्थ शंभराहून थोड्या अधिक वसाहतकऱ्यांना घेऊन या कड्यावर चढले आणि जॉर्जिया ही इंग्लंडची नवी वसाहत सुरू झाली. आज आपण पाहणार आहोत ते हेच सव्हाना शहर. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या ज्या शहरांना लोक त्यांच्या देखणेपणासाठी भेट देतात, त्यांत याचे नाव फार वर घेतले जाते.

या देखणेपणाचे मूळ ओगलथॉर्प यांच्या आराखड्यात आहे. त्यांनी शहर पेठांमध्ये विभागले. पेठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वळणावळणाचे बोळ येतात. ही पेठ मात्र पट्टी धरून आखलेली होती. मधोमध मोकळा चौक, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांसाठी मिळून चाळीस भूखंड, आणि पूर्व-पश्चिमेला चर्च किंवा इतर सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या चार मोठ्या जागा. वस्ती वाढली की शेजारी अशीच आणखी एक पेठ आखायची, एवढा साधा नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळला गेला आणि चौकांची संख्या चोवीसवर पोहोचली. त्यांपैकी बावीस चौक आजही आहेत. बुल स्ट्रीट या एकाच रस्त्याने नदीकडून दक्षिणेला चालत निघाले, तर दीडेक किलोमीटरच्या अंतरात पाच चौक लागतात आणि शेवटी तीस एकरांचे फोर्सिथ उद्यान येते. तिथले १८५८ सालचे पांढरे कारंजे ओतीव लोखंडाचे आहे. छायाचित्रांत ते एखाद्या राजवाड्यासाठी घडवल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते न्यूयॉर्कच्या एका कारखान्याच्या छापील यादीतून निवडून मागवलेले होते.

चौकांवर सावली धरतात ते लाइव्ह ओक. हा जॉर्जियाचा राज्यवृक्ष असून त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवरून राखाडी रंगाच्या लांब जटा लोंबत असतात. वडाच्या पारंब्या पाहत वाढलेल्या माणसाला त्या ओळखीच्या वाटतात, पण त्यांचा जमिनीत रुजण्याचा काहीही विचार नसतो. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, आणि हे नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. ही वनस्पती स्पेनची नाही आणि शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली आहे आणि हवेतल्या ओलाव्यावर जगते. सव्हानाला यायचे असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, अझेलिया फुललेल्या असताना यावे. जुलै-ऑगस्टमधली इथली दमट दुपार मुंबईकरालाही सोसवणार नाही.

चौक शांत दिसतात, परंतु कोणाला कुठे जागा मिळाली आणि कोणाची काढून घेतली गेली, याची नोंद त्यांच्याच मातीत आहे. ओगलथॉर्प आले तेव्हा या कड्याजवळ यामाक्रॉ लोकांचे गाव होते, आणि त्यांचे प्रमुख टोमोचिची यांच्या संमतीमुळेच वसाहतीला रक्तपाताविना पाय रोवता आला. १७३९ मध्ये टोमोचिची यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना मोठ्या सन्मानाने आज राइट स्क्वेअर म्हटल्या जाणाऱ्या चौकात पुरण्यात आले. पुढे १८८३ मध्ये त्याच चौकाच्या मध्यभागी रेल्वे कंपनीचे संस्थापक विल्यम गॉर्डन यांचे भव्य स्मारक उभे राहिले. मूळ यजमानाच्या थडग्याचे काय, हा प्रश्न अखेर गॉर्डन यांच्या सुनेला पडला आणि तिच्या पुढाकाराने १८९९ मध्ये चौकाच्या एका कोपऱ्यात टोमोचिची यांच्या नावाची ग्रॅनाइटची शिळा बसवण्यात आली. मध्यभाग मात्र आजही गॉर्डन यांचाच आहे.

नदीजवळचा जॉन्सन स्क्वेअर हा शहरातला पहिला चौक. तिथल्या स्तंभाखाली स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी नॅथॅनिएल ग्रीन यांच्या अस्थी आहेत. जॉर्जियाने कृतज्ञतेपोटी ग्रीन यांना नदीच्या वरच्या अंगाला मलबेरी ग्रोव्ह नावाचा मळा दिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १७९३ मध्ये, त्यांची पत्नी कॅथरीन ग्रीन यांच्याकडे पाहुणा म्हणून राहिलेल्या एली व्हिटनी या तरुणाने त्याच मळ्यात कापसातली सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला इतकी घट्ट चिकटते, की हाताने दिवसभरात जेमतेम अर्धा किलो रुई निघत असे. यंत्राने हा अडसर दूर केला आणि दक्षिणेची सारी जमीन कापसाखाली येऊ लागली. सरकी यंत्राने निघत होती, पण पेरणी, खुरपणी आणि वेचणी माणसांनाच करावी लागत होती. अमेरिकेतील गुलामांची संख्या १७९० मध्ये सुमारे सात लाख होती. १८६० मध्ये ती चाळीस लाखांच्या घरात गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जॉर्जियाच्या स्थापनेनंतर लगेचच, १७३५ मध्ये, वसाहतीच्या विश्वस्तांनी गुलामगिरीला बंदी केली होती. त्यामागे केवळ दया नव्हती. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश सत्ता होती, आणि शत्रूच्या तोंडाशी असलेल्या प्रदेशात स्वतः राबणारे आणि वेळ पडल्यास बंदूक उचलणारे शेतकरी त्यांना हवे होते. शेजारच्या कॅरोलिनातील मळेवाल्यांची श्रीमंती पाहून वसाहतकऱ्यांचा दबाव वाढत गेला आणि १७५१ पासून ही बंदी उठली. कापसाचे युग उजाडले तेव्हा सव्हाना त्यासाठी तयार होते.

नदीकाठी उतरणारे रस्ते जहाजांनी तळाला भार म्हणून आणलेल्या दगडांनी फरसबंद केलेले आहेत. कड्याला टेकून उभी असलेली उंच गोदामे आणि त्यांना वरच्या रस्त्याशी जोडणारे लोखंडी पूल म्हणजे ‘फॅक्टर्स वॉक’. फॅक्टर म्हणजे आपल्याकडचा अडत्या. मळेवाल्याला उचल द्यायची, त्याचा माल विकून द्यायचा आणि मधली अडत घ्यायची, हा त्याचा धंदा होता. पुलावर उभे राहून खालून जाणाऱ्या गाड्यांतल्या गाठींवर नजर ठेवता येत असे. जवळच १८८७ च्या सुमारास पूर्ण झालेली कापूस बाजाराची लाल इमारत आहे, आणि तिच्यासमोर पंख असलेल्या सिंहाचे शिल्प आहे. आता गोदामांत मिठाईची दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. काठावर २००२ मध्ये उभारलेला चार जणांच्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा पुतळा आहे. त्यांच्या पायांशी तुटलेल्या साखळ्या आहेत. गुलामांच्या जहाजांतील यातना सांगणारा मजकूर त्याखाली कोरायचा की नाही यावर शहरात वाद झाला, आणि शेवटी कवयित्री माया अँजेलो यांनी त्या ओळींना आशेची एक ओळ जोडून दिल्यावरच तो कोरला गेला. पर्यटकांचे मन दुखू नये याची काळजी अशा शहरांना फार असते.

या पैशातून उभी राहिलेली घरे आता संग्रहालये झाली आहेत. त्यांपैकी एकच पाहण्याइतका वेळ असेल, तर ओवेन्स-थॉमस हाउस पाहावे. विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने १८१९ मध्ये ते पूर्ण केले. वरच्या मजल्यावर जिन्याच्या पोकळीवरून जाणारा लाकडी पूल आहे आणि घरात नळाने खेळवलेले पाणी आहे, जे त्या काळी अमेरिकेत दुर्मीळ होते. मात्र हे घर पाहायला आता दर्शनी दारातून नव्हे, तर मागच्या अंगणातील गाडीखान्यातून जावे लागते. या इमारतीच्या एका भागात गुलाम राहत असत. तिथल्या छताला दिलेला निळा रंग अजून टिकून आहे. चुन्यात नीळ कालवून रंगवलेल्या भिंती ज्यांनी आपल्याकडे पाहिल्या आहेत, त्यांना ही छटा परिचयाची वाटेल. इथे ती वाईट आत्म्यांना दूर ठेवते, अशी श्रद्धा होती. कित्येक दशके या घरातला मार्गदर्शक पाहुण्यांना झुंबरे, भांडी आणि स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले आणि १८२५ मध्ये इथे उतरलेले फ्रेंच सेनानी मार्क्विस द लाफायेत यांची खोली दाखवत असे. २०१८ मध्ये संग्रहालयाने आपल्या नावातच ‘गुलामांची वस्ती’ हे शब्द जोडले. तळघरातले स्वयंपाकघर कोण चालवत होते, हे आता त्याच घराच्या गोष्टीत सांगितले जाते.

शहराच्या पश्चिमेला एक जागा आहे, जिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. पूर्वी तिथे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते. २ आणि ३ मार्च १८५९ रोजी, कर्जात बुडालेल्या पिअर्स बटलर या मळेवाल्याच्या चारशेहून अधिक गुलामांचा तिथे लिलाव झाला. लिलावापूर्वी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवले होते. दोन दिवसांत ३,०३,८५० डॉलर जमा झाले. त्या दोन्ही दिवशी पाऊस पडत होता, आणि म्हणून त्या विक्रीचे नाव ‘रडण्याची वेळ’ असे पडले. तिथे माहितीफलक लागला २००८ मध्ये.

मॅडिसन स्क्वेअरवरील ग्रीन-मेल्ड्रिम हाउस ही चार्ल्स ग्रीन या इंग्रज कापूस व्यापाऱ्याची हवेली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेकडील राज्यांच्या फौजा घेऊन जनरल शर्मन शहरात आले, तेव्हा त्यांनी इथे तळ दिला आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार करून हे शहर नाताळची भेट म्हणून अर्पण केले. तारेत जड तोफा, दारूगोळा आणि सुमारे २५ हजार कापसाच्या गाठी यांचाही उल्लेख होता. परंतु या घरातला अधिक महत्त्वाचा प्रसंग १२ जानेवारी १८६५ चा आहे. त्या संध्याकाळी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना इथे बोलावून त्यांना काय हवे आहे, असे विचारण्यात आले. त्यांच्या वतीने बोलणारे गॅरिसन फ्रेझियर यांनी सांगितले, की आम्हाला जमीन हवी, म्हणजे ती कसून आम्ही आमचा निर्वाह करू. चार दिवसांनी शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन मुक्त गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली.

हे सगळे आज पाहता येते, ते एका पराभवामुळे. १९५४ मध्ये एलिस स्क्वेअरमधील जुनी मंडई पाडून तिथे वाहनतळाची इमारत बांधण्यात आली. पुढच्याच वर्षी १८२० सालचे डेव्हनपोर्ट हाउसही पाडले जाणार अशी वेळ आली, तेव्हा सात महिलांनी २२,५०० डॉलर उभे करून ते विकत घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने पुढे शेकडो घरे वाचवली. एलिस स्क्वेअरवरील वाहनतळ यथावकाश पाडला गेला, गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० मध्ये चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांच्या बाजारपेठेला मात्र असे नशीब लाभले नाही. तिथले रेल्वेस्थानक १९६३ मध्ये महामार्गाच्या पुलासाठी पाडण्यात आले. त्याच बाजारपेठेच्या रस्त्यावर, १९१४ मध्ये बँकेसाठी बांधलेल्या इमारतीत, आता राल्फ मार्क गिल्बर्ट नागरी हक्क संग्रहालय आहे. ते उभारण्यात पुढाकार होता डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ या पोस्टमनचा. लॉ यांनी अनेक वर्षे इथल्या नागरी हक्क चळवळीचे नेतृत्व केले. मार्च १९६० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी लेव्हीज या मोठ्या दुकानातील भोजनकक्षात जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. या दुकानात त्यांना कपडे विकत घेता येत असत, पण बसून खाता येत नसे. त्यानंतर व्यापारी पेठेवर दीर्घ बहिष्कार पडला, आणि १९६१ मध्ये दुकानदारांना नमते घ्यावे लागले. लेव्हीजच्या इमारतीत आज कला महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे. चौकांच्या नावांतही बदल होऊ लागला आहे. गुलामगिरीचे कट्टर समर्थक कॅल्हून यांचे नाव असलेल्या चौकाला २०२३ मध्ये सुझी किंग टेलर यांचे नाव मिळाले. त्या गुलामगिरीत जन्मल्या होत्या, चोरून शिकल्या आणि युद्धकाळात शिक्षिका व परिचारिका झाल्या.

शहराच्या पूर्वेला बोनाव्हेंचर दफनभूमी आहे. ओकच्या रांगांमधून नदीकडे जाणारे तिथले रस्ते सकाळी लवकर पाहावेत. निसर्गाभ्यासक जॉन म्यूर १८६७ मध्ये पायी प्रवास करत इथे पोहोचले, तेव्हा खिसा रिकामा असल्याने काही रात्री याच थडग्यांमध्ये झोपले होते.

आणखी पुढे, टायबी बेटाच्या वाटेवर, फोर्ट पुलास्की आहे. सुमारे अडीच कोटी विटांचा हा किल्ला, सव्वादोन मीटर जाडीच्या भिंतींमुळे, अभेद्य मानला जात असे. १० एप्रिल १८६२ रोजी उत्तरेच्या तोफखान्याने दीड किलोमीटरहून दूर असलेल्या टायबी बेटावरून मारा सुरू केला. नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळा फिरकी घेत जाई आणि एकाच जागी वारंवार आदळे. तीस तासांत भिंतीला भगदाड पडले, दारूच्या कोठारापर्यंत गोळे पोहोचू लागले आणि किल्ला शरण आला. सव्हानाचे बंदर बंद झाले.

दक्षिणेची एकेक बंदरे अशी बंद होत गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे दलाल मुंबईकडे वळले. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत रोज नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या, आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या समभागांवर शहर वेडे झाले. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि काही आठवड्यांत हा डोलारा कोसळला. त्या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबईकर रोज पाहतात.

फोर्ट पुलास्कीच्या आग्नेय कोपऱ्यापाशी आले की ते भगदाड आजही ओळखता येते, कारण बुजवताना वापरलेल्या विटा जास्त लाल आहेत. भोवतालच्या मूळ भिंतीत करड्या-तपकिरी विटा आहेत. अशा विटा सव्हानाजवळील हर्मिटेज मळ्यातील गुलाम पाडत असत, आणि त्यांपैकी पुष्कळ या किल्ल्यासाठी आणल्या होत्या. किल्ला पडल्यानंतर दोनच दिवसांनी, १३ एप्रिल १८६२ रोजी, जनरल हंटर यांनी किल्ल्यात आणि किल्ला ज्या कॉकस्पर बेटावर आहे तिथे असलेल्या सर्व गुलामांना मुक्त केल्याचा आदेश काढला. भिंतीत रुतलेले काही गोळे अजून तसेच आहेत.