मागच्या जन्मीचा सोबती आणि पाच पॉइंट

नमस्कार मंडळी. टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेका पात्राची भूमिका घेऊन मिळून गोष्ट रचायच्या रोलप्लेइंग गेममध्ये नवं पात्र तयार करताना एक ओळ आपले खेळाडू फार हौसेनं लिहितात: ‘आमच्या दोघांची सोबत मागच्या जन्मापासूनची.’ ही कल्पना आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारणारी आई-आजी सगळ्यांनी पाहिलेली असते. पण दोन-चार बैठका झाल्या की ती ओळ पात्राच्या माहितीच्या कागदावर तशीच पडून राहते. तिची किंमत कुणी मोजलेली नसते आणि पलीकडच्याला कुणी विचारलेलंही नसतं.

गर्प्स या रोलप्लेइंग गेममध्ये मात्र प्रत्येक गुण, पात्र घडवण्यासाठी मिळालेल्या पॉइंटांतून पॉइंट देऊनच घ्यावा लागतो. २००४च्या चौथ्या आवृत्तीत ‘रिअवेकन्ड’ नावाचा १० पॉइंटांचा गुण आहे. तो घेतला की मागल्या जन्मांत शिकलेली कौशल्यं पुन्हा आठवू शकतात. पण ही आठवण एकट्याची. सोबतीसाठी आहे ‘स्पेशल रॅपो’, ५ पॉइंट. जोडीदार जगाच्या पाठीवर कुठेही असो, तो संकटात आहे, त्याला वेदना होताहेत किंवा तो खोटं बोलतोय, हे फासे न टाकता कळतं. यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती अट: दोघांनीही पॉइंट मोजायचे. एकतर्फी नातं नियमातच बसत नाही. शिवाय जोडीदार प्रियकर किंवा जिवलग मित्रच असला पाहिजे, असंही नाही.

सोबत्याचं पात्र दुसऱ्या खेळाडूऐवजी गेममास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात असेल तर ‘अ‍ॅलाय’ (साथीदार) हा गुण घ्यायचा. आपल्याच तोडीचा अ‍ॅलाय ५ पॉइंटांना मिळतो, पण तीन फाशांवर ९ किंवा कमी पडले तरच तो त्या वेळच्या साहसात येतो. म्हणजे शक्यता साडेसदतीस टक्के. कायम बरोबर हवा असेल तर चौपट, २० पॉइंट. मी नेहमी स्वस्तातला घ्या म्हणतो. जन्मोजन्मीचा सोबती ऐन वेळी आला नाही, तर तो कुठे अडकला या प्रश्नातूनच पुढची गोष्ट सुरू होते.

आता ‘एक्झाल्टेड’. व्हाइट वुल्फनं २००१मध्ये काढलेला हा गेम या विषयात सगळ्यांत खोल उतरतो. इथे माणूस जसाच्या तसा परत येत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती दैवी शक्ती, आधीच्या धारकांच्या आठवणींचे तुकडे घेऊन. पहिल्या युगात सोलर (सूर्याची शक्ती लाभलेले) आणि लूनर (चंद्राची शक्ती लाभलेले) यांच्या जोड्या बांधलेल्या होत्या. पुढे उठाव झाला, सोलर मारले गेले, त्यांची शक्ती जेडच्या तुरुंगात कोंडली गेली आणि लूनर जगाच्या कडेला पळाले. गेम सुरू होतो तो हा तुरुंग फुटल्यावर. म्हणजे एका बाजूला ते सगळं जगून आजवर टिकलेली लूनर, प्रत्येक भांडण लक्षात असलेली. दुसऱ्या बाजूला सोलरची शक्ती नुकतीच अंगात आलेला, कालपर्यंत नांगर धरणारा पोरगा, ज्याला स्वप्नात अर्धवट चेहरा दिसतो. या गेमच्याच कथाविश्वात लिलिथ या लूनरला तिच्या जोडीतल्या सोलरनं, डेससनं, फार छळलेलं आहे. त्याची शक्ती आज ज्याच्या अंगात आली, त्या नव्या माणसानं त्या छळाचा जाब द्यायचा का?

म्हणून माझं ठाम मत आहे, की अशा गुणानं ओळख पटावी, प्रेम लादू नये. ‘तुला त्याच्याबद्दल ओढ वाटते’ असं गेममास्टरनं सांगितलं की पात्र खेळाडूच्या हातून गेलंच. टेबलावर खरी माणसं बसलेली असतात. दोघांना आधी वेगवेगळं विचारा.

मी गेममास्टर असलो की दोघांना मागच्या जन्मातल्या एकाच संध्याकाळच्या दोन चिठ्ठ्या देतो. एकीत: ‘तू घाटावर थांबलीस, तो आला नाही.’ दुसरीत: ‘तू घाटावर गेलास, तिथे कुणीच नव्हतं.’ खरं काय, ते मीही ठरवून ठेवत नाही. खेळता खेळता दोघं मिळून ठरवतात.

आणि जोडीतला एक खेळाडू मध्येच गेम सोडून गेला तर? उरलेल्याचे ५ पॉइंट बुडवू नका. जाणाऱ्याची परवानगी घेऊन ते पात्र अ‍ॅलाय करा, किंवा त्याला मरू द्या आणि नव्यानं येणाऱ्या खेळाडूला विचारा, पुढचा जन्म तू घेतोस का.