दुसरी फाइल

(पडद्यावर: लोखंडी कपाट, कप्प्यात ओळीने लावलेल्या फायली. एक हात त्यातली एक ओढून काढतो.)

नोकरीचा पहिला दिवस आठवा. काम हाती येण्याआधी अर्ज येतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, ओळखपत्राची प्रत, अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्याचा फोन नंबर. काही ठिकाणी बोटांचे ठसे, काही ठिकाणी वैद्यकीय तपासणीचा अहवाल. यातलं काही देणार नाही असं म्हणायची सोय नसते. नाही दिलं तर पगार कुठे जमा करणार?

गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. कामगाराला ती मुभा नाही. नोकरी सोडून वर्षं लोटली तरी ती फाइल जुन्या मालकाच्या सर्व्हरवर तशीच पडून असते. म्हणून ती माहिती फुटते तेव्हा मालकावरची जबाबदारी इतर कुणाहीपेक्षा जास्त असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कायद्यालाही ते हळूहळू पटू लागलंय. पण किती हळू, ते पाहायला हवं.

(पडद्यावर: इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहराचे रस्ते, सकाळची वेळ.)

मॉरिसन्स ही ब्रिटनमधली सुपरमार्केटची मोठी साखळी. तिचं मुख्य कार्यालय ब्रॅडफर्डला आहे. 2013 साली तिथल्या एका वरिष्ठ अंतर्गत लेखापरीक्षकावर शिस्तभंगाची कारवाई झाली, ताकीद मिळाली. शिक्षा किरकोळ होती, पण त्याने ती मनात धरली. त्याच वर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकांना सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची माहिती पाठवायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने ती पाठवली आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली.

जानेवारी 2014 मध्ये 99,998 कर्मचाऱ्यांची नावं, पत्ते, जन्मतारखा, पगार आणि बँक खात्यांचे क्रमांक इंटरनेटवर उघड्यावर पडले. संशय एका सहकाऱ्यावर जावा अशी तजवीजही त्याने केली होती. मार्चमध्ये तीच माहिती सीडीवर भरून त्याने तीन वृत्तपत्रांना पाठवली. ती कुणी छापली नाही, उलट एका वृत्तपत्राने कंपनीला सावध केलं. 2015 मध्ये त्याला आठ वर्षांची कैद झाली.

गुन्हेगाराचा हिशेब इथे संपला. ज्यांचे पगार आणि खाती जगासमोर आली, त्यांचं काय? हजारो कर्मचारी एकत्र आले आणि त्यांनी मालकावर दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस तुमचा, काम तुम्ही दिलेलं, माहिती तुम्ही त्याच्या हाती सोपवलेली, तेव्हा भरपाईही तुम्हीच द्या. नोकराच्या कृत्यासाठी मालक जबाबदार, हे इंग्लंडच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. 2018 मध्ये अपील न्यायालयानेही केलं. 1 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल एकमताने फिरवले. हा माणूस मालकाचं काम करत नव्हता, मालकावर सूड उगवत होता, आणि त्या सुडाची जबाबदारी मालकावर टाकता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तोवर दावेदारांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली होती. सहा वर्षं थांबून त्यांच्या हाती काहीच आलं नाही.

या प्रकरणातली एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. कंपनीने स्वतः काळजी घेण्यात कसूर केली का, हेही उच्च न्यायालयाने तपासलं होतं. एक उणीव सापडली: नेहमीच्या जागेबाहेर ठेवलेली माहिती वेळेवर पुसली जाते की नाही, हे पाहणारी व्यवस्था नव्हती. पण ती असती तरी ही गळती थांबली असती, हे सिद्ध झालं नाही. न्यायालयात कसूर दाखवणं पुरत नाही. त्या कसुरीपासून आपल्या नुकसानीपर्यंतची साखळी दाखवावी लागते, आणि त्या साखळीच्या बहुतेक कड्या मालकाच्या कपाटात बंद असतात.

(पडद्यावर: पिट्सबर्ग, नद्यांवरचे पूल, रुग्णालयाच्या इमारतीतले दिवे.)

अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यात यूपीएमसी नावाची मोठी रुग्णालय संस्था आहे. 2014 मध्ये तिच्या सुमारे 62,000 आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती चोरीला गेली. चोरांनी त्यातल्या अनेकांच्या नावाने खोटी करविवरणपत्रं भरली आणि परताव्याचे पैसे लाटले. आपलं विवरणपत्र भरायला गेलेल्या माणसाला तुमचं आधीच भरून झालंय असं कळतं, तेव्हा नुकसान झालं का, हा प्रश्न उरत नाही.

तरीही खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. अशी जबाबदारी मालकांवर टाकली तर दाव्यांचा पूर येईल, हे काम कायदेमंडळाचं आहे, असं कारण दिलं. वरच्या न्यायालयानेही तेच कायम केलं. मग 21 नोव्हेंबर 2018 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. नोकरीची अट म्हणून तुम्ही माहिती मागितलीत, ती इंटरनेटशी जोडलेल्या संगणकावर ठेवलीत, म्हणजे धोका तुम्ही निर्माण केलात. मग वाजवी काळजी घेणंही तुमचंच कर्तव्य. चोर तिसराच होता, ही सबब चालणार नाही. अमेरिकेतल्या कामगारांसाठी त्या दिवशी एक दार उघडलं, निदान त्या राज्यापुरतं.

इतरत्र मात्र एक प्रश्न वाटेत उभा राहतो: तुमचं नेमकं गेलं काय? 2008 मध्ये स्टारबक्सचा एक लॅपटॉप चोरीला गेला. त्यात सुमारे 97,000 कर्मचाऱ्यांची माहिती होती, सांकेतिक रूपात न बदललेली, कुणालाही वाचता येईल अशी. संघराज्याच्या अपील न्यायालयाने कर्मचाऱ्यांना दाव्यासाठी उभं राहू दिलं, कारण धोका खरा होता. पण वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली निष्काळजीपणासाठी भरपाई मिळण्याइतकं नुकसान दिसत नाही, म्हणून तो दावा टिकला नाही. आत घेतलं आणि रिकाम्या हाती परत पाठवलं.

एक्झेक्यूफार्म कंपनीतल्या एका माजी कर्मचारी बाईंचं प्रकरण वेगळं ठरलं. त्यांनी 2016 मध्येच नोकरी सोडली होती. 2020 मध्ये खंडणीखोर हॅकरांच्या टोळीने कंपनीच्या फायली पळवल्या आणि डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागात, टाकल्या. त्यांच्या खात्यातून एक पैसा गेला नव्हता, म्हणून पहिल्या न्यायालयाने दावा काढून टाकला. सप्टेंबर 2022 मध्ये अपील न्यायालय म्हणालं की माहिती गुन्हेगारांच्या बाजारात मांडली गेली असेल तर धोका काल्पनिक राहत नाही. बँक खाती बदलण्यात गेलेला वेळ, आपल्या खात्यांवर नजर ठेवणाऱ्या सेवेवर झालेला खर्च, मनाला झालेला त्रास, हे सगळं नुकसानच आहे. आणि त्या बाईंच्या करारात माहिती जपण्याचं वचन मालकाने लिहून दिलेलं होतं. तेही उपयोगी पडलं. आपलं नेमणूकपत्र आपण सही करून बाजूला ठेवतो. त्यात असं वाक्य आहे का, ते आज काढून पाहा. त्याच कागदात लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं, कलम असेल तर तेही पाहा. अमेरिकेत 2018 पासून हे पक्कं झालं आहे की अशा कलमाने कामगार एकत्र दावा करण्याचा हक्क गमावू शकतो.

कॅलिफोर्नियाने नुकसानीचा प्रश्न बऱ्याच अंशी बाजूला सारला. तिथल्या कायद्यात, 2020 मध्ये तो लागू झाला तेव्हा, सुरक्षेतल्या कसुरीमुळे माहिती फुटल्यास माणशी 100 ते 750 डॉलर असा आकडाच लिहिलेला होता, नुकसान सिद्ध न करताही मिळणारा. मात्र हा आकडा मागायचा तर आधी 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

(पडद्यावर: लक्झेंबर्ग, युरोपीय न्यायालयाच्या सोनेरी इमारती.)

युरोपीय संघात पाया वेगळा आहे. तिथला डेटा संरक्षणाचा नियम मे 2018 पासून लागू आहे. त्याचं 82 वं कलम सांगतं की पैशाचं नसलेलं नुकसानही भरून मिळायला हवं. पण भीती हे नुकसान आहे का? 2019 मध्ये बल्गेरियाच्या करखात्यातून साठ लाखांहून जास्त लोकांची माहिती फुटली. त्यातून उठलेला एक खटला लक्झेंबर्गला पोहोचला. 14 डिसेंबर 2023 रोजी उत्तर आलं: माहितीचा गैरवापर होईल ही भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते, मात्र ती साधार असायला हवी. त्याच निकालातली दुसरी गोष्ट कामगारासाठी मला जास्त मोलाची वाटते. सुरक्षा पुरेशी होती हे सिद्ध करण्याचा भार माहिती बाळगणाऱ्यावर आहे. बंद कपाटाची किल्ली आता मालकाने काढायची.

रकमा लहान असतात. 2025 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने एका कर्मचाऱ्याला 200 युरो दिले. तिथे चोरी झालीच नव्हती. मालकाने ठरल्यापेक्षा जास्त माहिती समूहातल्या मुख्य कंपनीला पाठवली होती, एवढंच. आपल्या माहितीवरचा आपला ताबा जाणं, हेच नुकसान मानलं गेलं.

न्यायालयाखेरीज दुसरी वाट नियामकाची, म्हणजे डेटा संरक्षणाचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या यंत्रणेची. तिथे तक्रारीला वकील लागत नाही, खर्च नाही. पण तिथून काय मिळतं याबद्दल गैरसमज फार. नियामक दंड करतो आणि तो दंड सरकारकडे जातो. भारताच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कसुरीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं 43अ हे कलम गाळण्याची तरतूद त्यात आहे. इतका मोठा दंड आणि त्यातला एक रुपयाही कामगाराकडे वळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. तरी तक्रार करावी. नियामकाच्या चौकशीत जे कागद बाहेर येतात, ते एकट्या माणसाला एरवी दिसतही नाहीत.

(पडद्यावर: स्वयंपाकघरातलं टेबल, एक साधी वही, बाजूला फोन.)

आता या टेबलावरच्या वहीकडे या. मालकाकडे तुमची एक फाइल आहे. दुसरी तुम्ही उघडायची, कळवणारं पत्र किंवा ईमेल आला त्याच दिवशी. पहिला कागद तेच पत्र. काय फुटलं, कधी फुटलं, मालकाला कधी कळलं, तुम्हाला कधी कळवलं. युरोपात नियामकाला 72 तासांत सांगावं लागतं, धोका मोठा असेल तर माणसांनाही विनाविलंब. या तारखांमधलं अंतर हाच कधी कधी सगळ्यात बोलका पुरावा असतो. मग मालकाला लेखी विचारा: माझ्याबद्दल काय काय साठवलं आहे, त्यातलं काय गेलं, कुणाकुणाला दिलं होतं. अनेक देशांत हे विचारणं हक्क आहे, विनंती नव्हे.

त्यानंतर रोजची नोंद. बँकेत रांगेत गेलेला तास, कापली गेलेली रजा, नवं ओळखपत्र काढायचा खर्च, रात्री आलेला फसवा फोन, डॉक्टरांची चिठ्ठी. मालक वर्षभर फुकट देखरेख सेवा देऊ करेल. ती घ्या, पण तिच्यासोबत कुठल्या कागदावर सही मागत असतील तर त्यात पुढे दावा न करण्याचं कबूल करून घेतलेलं नाही ना, हे आधी वाचा. आणि सहकाऱ्यांशी बोला. संघटना असेल तर तिच्याकडे जा. एका माणसाचे 200 युरो वकिलाच्या पहिल्या भेटीत संपतात, साठ हजारांचे एकत्र झाले की मालक वाटाघाटीला बसतो. यूपीएमसीचा दावा शेवटी 26.5 लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. मुदत मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि ती संपली की कुणी विचारत नाही, म्हणून तिथल्या वकिलाला सुरुवातीलाच गाठा.

(पडद्यावर: वॉशिंग्टन, सरकारी कार्यालयाचा लांबलचक व्हरांडा.)

2015 मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून 2 कोटी 15 लाख लोकांची माहिती गेल्याचं उघड झालं. त्यात 56 लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो, खातं बदलता येतं, बोटं त्याच माणसाकडे राहतात. कर्मचारी संघटना न्यायालयात गेल्या. 2017 मध्ये दावा फेटाळला गेला, 2019 मध्ये अपिलात पुन्हा जिवंत झाला. 2022 मध्ये 6 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. पात्र माणसाला किमान 700 डॉलर.

पात्र म्हणजे या चोरीमुळे आपला पैसा किंवा वेळ गेला, हे ज्याला दाखवता आलं तो. सात वर्षांपूर्वीची पावती, सात वर्षांपूर्वीचा तो रांगेतला तास. ज्यांनी तो लिहून ठेवला होता, त्यांनी अर्जासोबत ती वही जोडली.