कडी आडवी पडली की

नमस्कार मंडळी, झाडावर दोराने चढून फांद्या उतरवणाऱ्यांशी आज जरा बोलायचंय, बाकीच्यांनीही ऐकलं तरी चालेल. आपल्याला एक खोड असते बघा, सामान हातात आलं की त्यात जुगाड केल्याशिवाय चैन पडत नाही. मीही त्यातलाच.

माझ्या लॅनयार्डचा, म्हणजे खोडाभोवती घालून स्वतःला धरून ठेवणाऱ्या आखूड दोराचा, कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) सारखा फिरायचा, दोर ढिला पडला की आडवा व्हायचा आणि परत ताण आला तरी तसाच आडवा. आता त्याच्या अंगावर बारीक आकडे कोरलेले असतात ते कधीतरी नीट वाचा, उभ्या ताणाला 24-25 किलोन्यूटन आणि आडव्याला जेमतेम 7-8, गेट, म्हणजे कडीची झडप, उघडं राहिलं तरी साधारण तेवढंच. एक किलोन्यूटन म्हणजे धरा 100 किलोचा भार. सातशे किलोही पुष्कळ वाटतात हो, पण ढिल्या दोरावर माणूस थोडासा जरी पडला तरी झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो.

मी काय करणार होतो, तर दोर जागेवर राहावा म्हणून कॅरॅबिनरलाच भोक पाडून त्यात पिन घालणार होतो! नशीब, ड्रिलचं बिट बोथट निघालं. भोक पाडलं की ताण नेमका त्याच्या कडेला गोळा होतो, तडा तिथूनच जातो. तापवणं, वेल्डिंग तर नकोच, ॲल्युमिनियमची ताकद त्यानेच जाते. शेवटी कंपनीनेच पिन बसवून दिलेला, आपोआप लॉक होणारा कॅरॅबिनर घेतला आणि विषय संपला. कडी जागेवर धरणारी रबराची पकडसुद्धा मिळते, पण ती दोराच्या टोकाला शिवलेल्या घट्ट डोळ्यावरच लावा, पट्टीच्या मोकळ्या वळशावर नको, कारण पट्टीचा वळसा उलटला तर अख्खा माणूस नुसत्या रबरावर लटकतो आणि वरवर बघून ते कळतही नाही.

काही हार्नेसचा, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा, ब्रिजचा (पुढच्या बाजूचा, ज्याला आपण लटकतो तो) दोर, रिंगा, स्विव्हल (फिरती कडी) बदलता येतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तेवढंच बदलायचं. बोल्ट कंपनीचाच, तसाच दिसणारा दुसरा नको. नायलॉक नट एकदा खोलला की मी नवीनच लावतो, आतलं नायलॉन पहिल्यासारखं धरत नाही. नट आवळला की नट आणि बोल्टवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढतो, मग गुडघाभर उंचीवर लटकून चांगले हिसके देऊन बघतो.

परवा सकाळी ती रेघ केसभर सरकलेली दिसली. हार्नेस खुंटीलाच राहिला, फांदी दुसऱ्या दिवशी उतरवली.