सोने घरी पोहोचले पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्री चाच्यांवरचा कोणताही खेळ मांडला, की नवख्या खेळाडूचा हात आधी तोफांकडे जातो. गलबते ताब्यात येताच तो शत्रूच्या रोखाने निघतो, फासे खुळखुळवतो, दोन-चार डोलकाठ्या पाडतो, आणि डाव संपून मोजदाद होते तेव्हा त्याच्या बेटावर जेमतेम एखाद-दुसरे नाणे असते. समोरचा मात्र, ज्याने अख्ख्या डावात क्वचितच गोळा झाडलेला असतो, निवांतपणे सोने मोजत बसलेला दिसतो. चाच्यांच्या खेळात लढाई हा खर्च असतो आणि ज्या संघाला हा खर्च केव्हा करायचा आणि केव्हा टाळायचा हे कळते तोच बहुधा जिंकतो, असे माझे मत आहे, आणि ते मी आज एका विशिष्ट खेळाच्या आधारे आपल्यापुढे मांडणार आहे.

हा खेळ म्हणजे अमेरिकेतील विझकिड्स या कंपनीने २००४ साली बाजारात आणलेला ‘पायरेट्स ऑफ द स्पॅनिश मेन’. दक्षिण आणि मध्य अमेरिकेचा जो किनारा कॅरिबियन समुद्राला लागून आहे, जिथल्या पोर्टोबेलो, कार्ताहेना यांसारख्या बंदरांतून सोने-चांदी हवानामार्गे स्पेनला जात असे, त्या किनाऱ्यावरून त्याचे नाव आले आहे. पुढे त्याचे अनेक संच निघाले, त्यांत फ्रेंच आले, अमेरिकन आले, उत्तर आफ्रिकेतले चाचे आले, दक्षिण चीनचा समुद्रही आला. आणि २००८ मध्ये मालक कंपनीने विझकिड्सचा कारभार गुंडाळला तेव्हा ही मालिका थांबली. आता जी पाकिटे मिळतात ती जुन्या संग्राहकांकडूनच.

यात पट असा नाहीच. तीन-चार फुटांचे रिकामे टेबल हाच समुद्र, आणि त्यावर निळी चादर अंथरली तर उत्तमच. पाकिटातून प्लॅस्टिकची पातळ कार्डे निघतात आणि त्यांतून गलबताचे भाग अंगठ्याने हलकेच दाबून सुटे करायचे असतात. तळ, दोन्ही बाजू आणि डोलकाठ्या एकमेकींत खोवल्या की तळहातावर मावेल असे शिडांचे गलबत उभे राहते. डोलकाठी खाचेत बसवताना हात फार हलका ठेवावा लागतो, नाहीतर तिच्या बुडाचा इवलासा दात तुटतो, आणि मग ते गलबत युद्ध न करताच लंगडे होते. अंतर मोजायला फूटपट्टी लागत नाही. कार्डाची आखूड बाजू हे एक माप आणि लांब बाजू हे दुसरे. गलबताची चाल आणि तोफेचा पल्ला दोन्ही याच मापांत सांगितलेले असतात. चाळीस गुणांच्या मर्यादेत आपला ताफा निवडायचा, प्रत्येकाने आठ नाणी खजिन्यात घालायची, ती पालथी करून निर्जन बेटांवर वाटून टाकायची, आणि ज्याच्या स्वतःच्या बेटावर शेवटी सर्वांत जास्त सोने असेल तो विजयी. सोने नुसते गलबतात भरून भागत नाही. कबड्डीत चढाई करणारा गडी मधल्या रेषेला परत स्पर्श करीपर्यंत जसा गुण मिळत नाही, तसे नाणे आपल्या बेटावर उतरेपर्यंत ते कुणाचेच नसते.

आता तोफांचा हिशेब पाहू. एका पाळीत प्रत्येक गलबत एकच काम करू शकते: चालावे, किंवा तोफा डागाव्यात, किंवा बेट धुंडाळावे, किंवा घरच्या बेटाला लागून दुरुस्ती करावी. प्रत्येक डोलकाठी म्हणजे एक तोफ, आणि प्रत्येक तोफेला एक आकडा दिलेला असतो. फाशावरचे दान त्या आकड्यापेक्षा मोठे पडले तर नेम लागतो आणि समोरच्या गलबताची एक डोलकाठी काढावी लागते. समजा, आपल्या तीन डोलकाठ्यांच्या गलबताच्या तिन्ही तोफांचा आकडा तीन आहे. चार, पाच किंवा सहा पडले तरच गोळा लागणार, म्हणजे तीन फाशांमागे सरासरी दीड गोळा. समोरचे गलबतही तीन डोलकाठ्यांचे असेल तर ते बुडवायला चार गोळे लागतात: तीन डोलकाठ्यांसाठी आणि चौथा, निकामी होऊन तरंगत राहिलेल्या सांगाड्यासाठी. म्हणजे आपल्याला कुणी धक्काही लावला नाही असे धरले तरी तीनएक पाळ्या यात जातात, आणि तेवढ्या वेळात प्रतिस्पर्ध्याचे एखादे चपळ गलबत बेटावरून नाणी भरून घराच्या वाटेला लागलेले असते.

याहून मजेशीर गोष्ट म्हणजे, जो आधी जवळ जातो त्याचेच बहुधा नुकसान होते. आपण पल्ल्यात शिरलो, आपली पाळी चालण्यात संपली, आणि पहिली सरबत्ती करण्याचा मान समोरच्याला मिळाला. त्यात आपली एखादी डोलकाठी पडली की आपली तोफही गेली, म्हणजे उत्तर देण्याची ताकदही घटली. म्हणून दोन्ही बाजूंची मोठी गलबते पल्ल्याच्या जरा बाहेर उभी राहून एकमेकांकडे नुसतीच बघत आहेत, असे दृश्य या खेळात वारंवार दिसते. ही कोंडी फोडण्यासाठी कप्तान लागतो. तो गलबतावर असेल तर एकाच पाळीत चालणे आणि डागणे दोन्ही साधते. पण कप्तान फुकट येत नाही. त्याचे गुण ताफ्याच्या हिशेबातून जातात आणि शिवाय तो गलबतातली एक जागा अडवतो, म्हणजे तिथे एक नाणे कमी मावते. सुकाण्या घेतला तर चाल वाढते, पण तोही एक जागा खातोच. माणसे भरावीत की सोने भरावे, हा प्रश्न डाव सुरू होण्यापूर्वीच सोडवावा लागतो, आणि माझ्या मते या खेळातला सगळ्यात सुंदर नियम हाच आहे.

ही माणसे पालथी ठेवलेली असतात हेही लक्षात घ्या. कुठल्या गलबतावर कोण आहे हे त्याचा उपयोग करीपर्यंत समोरच्याला कळत नाही. इतिहासातला एक प्रसिद्ध चाचा याच युक्तीने मारला गेला. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी उत्तर कॅरोलायनातील ओक्राकोक बेटापाशी लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्ड याने आपली बरीचशी माणसे डेकखाली लपवली, वर मोजकेच लोक उरले आहेत असे समजून ब्लॅकबिअर्ड आपल्या साथीदारांसह त्याच्या गलबतावर चढला, आणि लपलेली माणसे वर येताच झालेल्या हातघाईत तो ठार झाला. पटावर एखाद्या दुबळ्या दिसणाऱ्या गलबताला भिडण्यापूर्वी मला हा प्रसंग नेहमी आठवतो.

याच ब्लॅकबिअर्डने त्याच वर्षी मे महिन्यात चार्ल्स्टन बंदराची काही दिवस नाकेबंदी केली होती. बंदरात येणारी-जाणारी जहाजे अडवली, प्रतिष्ठित नागरिक ओलीस धरले, आणि त्यांच्या बदल्यात मागितली काय, तर औषधांची पेटी. ती मिळताच ओलिसांना सोडून तो निघून गेला. चाच्यांचे भयानक निशाण, दाढीमिशांचा अवतार, आरडाओरडा हा सारा खटाटोप मुख्यतः समोरच्याने न लढता शरण यावे यासाठी असे, कारण लढाईत माणसे मरतात, शिडे फाटतात आणि लुटायचा मालही समुद्राच्या तळाशी जातो. ज्या खेळाडूला तोफा डागल्याशिवाय करमत नाही, त्याला मी हे आवर्जून सांगत असतो, अर्थात तो ऐकतोच असे नाही.

आता संघाने खेळण्याविषयी. मूळ नियमांत प्रत्येक खेळाडूचा ताफा वेगळा असतो. पण चौघे जमले असतील तर दोघा-दोघांनी मिळून एकेक ताफा चालवावा, त्यात खरी लज्जत आहे. त्यासाठी कामाची वाटणी कशी करावी याचा नमुना चाच्यांनीच घालून दिला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी अटलांटिकमधल्या बऱ्याच चाच्यांच्या गलबतांवर कप्तान मतदानाने निवडला जाई. पाठलाग आणि लढाई चालू असताना त्याचा शब्द अंतिम असे, पण एरवी शिधा, तंटे आणि लुटीची वाटणी हे सारे क्वार्टरमास्टर नावाच्या दुसऱ्या निवडलेल्या माणसाच्या हाती असे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, ज्याने चारशेच्या आसपास जहाजे पकडली असे मानले जाते, त्याच्या गलबतावरचे करारनामे प्रसिद्ध आहेत. त्यांनुसार कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना लुटीचे दोन-दोन वाटे मिळत, तोफा चालवणाऱ्या गोलंदाजाला दीड, आणि एखाद्याचा हात किंवा पाय गेला तर सामाईक तिजोरीतून त्याला आठशे स्पॅनिश चांदीची नाणी भरपाई मिळे. त्याच करारात पैसे लावून फासे किंवा पत्ते खेळायला सक्त मनाई होती. फाशांवर चालणाऱ्या चाच्यांच्या खेळात हे कलम वाचून दाखवले की हमखास हशा पिकतो.

तेव्हा संघातल्या एकाने कप्तान व्हावे, म्हणजे गलबते त्याने हलवावीत आणि तोफा त्यानेच डागाव्यात. दुसऱ्याने क्वार्टरमास्टर व्हावे, म्हणजे कुठल्या बेटावर जायचे, कोणते नाणे उचलायचे आणि घरी केव्हा परतायचे हे त्याने ठरवावे. गंमत अशी, की थोड्याच वेळात दोघांत खटके उडू लागतात. कप्तानाला शत्रूचे निकामी गलबत दोर बांधून घरी ओढून न्यायचे असते, क्वार्टरमास्टरला तेवढ्या वेळात आणखी एक बेट उरकायचे असते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. समोरच्या संघाने काहीच केले नाही तरी हा वाद डाव रंगवायला पुरेसा आहे.

२०१५ मध्ये ‘रम अँड बोन्स’ नावाचा एक मोठा खेळ आला, त्यात मात्र भर सरळ मारामारीवर आहे. दोन जहाजे कडेला कड लावून उभी, मधे फळ्या टाकलेल्या, सामान्य खलाशांच्या बाहुल्या नियमाने आपोआप पुढे सरकतात आणि खेळाडूंच्या हाती फक्त नायक असतात. बाहुल्या देखण्या आहेत, दोन संघांची झटापटही जोरदार होते. पण सोने घरी नेण्याची धडधड त्यात नाही, आणि म्हणून मला तो पहिल्याइतका भावत नाही.

आपल्या अरबी समुद्राचाही या कथेशी संबंध आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज गाठले. मोगल जहाजावरची एक तोफ फुटली, एव्हरीच्या माऱ्याने त्याची मुख्य डोलकाठी पडली, आणि पटावरच्या नियमासारखेच त्या अवाढव्य जहाजाचे बळ सरले. पुढे जहाजावरील यात्रेकरूंवर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले ते मात्र कुठल्याही पटावर येत नाहीत, आणि मुलांसोबत खेळताना चाचेगिरीचा तेवढा भाग मोठ्यांनी ठाऊक ठेवावा असे मला वाटते. कान्होजी आंग्रे यांनाही इंग्रज चाचा म्हणत. पण मराठ्यांच्या आरमाराचा हा सरखेल आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावत होता, आणि दस्तक नसलेली जहाजे पकडत होता. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून गेले तरी त्यांना तो किल्ला घेता आला नाही. चाचा नेमके कुणाला म्हणायचे, हा प्रश्न खेळातही उभा राहतो, कारण इंग्रज आणि स्पॅनिश ताफे सोने पळवतात तेव्हा त्यांना राष्ट्राचे नाव असते, आणि चाच्यांचा ताफा नेमके तेच करतो तेव्हा त्याच्या गलबतावर काळे निशाण असते.

शेवटी एक व्यावहारिक मुद्दा, कारण त्यावरून भांडणे होतात. एकाच संघातील दोघांनी आपसात कुजबुजावे की नाही? माझे मत स्पष्ट आहे: कुजबुजू नये. जे बोलायचे ते टेबलावर, सर्वांना ऐकू जाईल असे बोलावे. त्यामुळे क्वार्टरमास्टर ‘पूर्वेच्या बेटावर जाऊ’ असे मोठ्याने म्हणतो तेव्हा समोरच्या संघाला ती खरी मसलत आहे की हूल आहे हे ओळखावे लागते, आणि आपल्याच कप्तानालाही ते ओळखावे लागते. अशी हूल कप्तानालाच खरी वाटली आणि आपले एकमेव सोन्याचे गलबत तो थेट शत्रूच्या पल्ल्यात घेऊन गेला, असेही घडते. अशा वेळी नियम एकच, गलबत एकदा हलले की हलले, ते मागे घ्यायचे नाही.

नमस्कार.